बोअरच्या पाण्यात हरभरे शिजत नसतील तर: माझा अनुभव

रात्रभर भिजवलेले हरभरे शिट्ट्यांमागून शिट्ट्या करूनही आतून कचकचीतच राहत. दुकान बदलले, भिजवण्याची वेळ वाढवली, सोडाही घातला. त्याने साले तेवढी सुटली, चव साबणासारखी लागू लागली, शिवाय सोड्याने ब१ जीवनसत्त्व घटते ते वेगळेच. स्वस्त प्रथिनांपायी एवढा गॅस जळताना पाहून चीड येई.

अडचण बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियमची होती, कारण ते दाण्यातील पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या घटकाला, घट्ट धरून ठेवते.

आधी पाणी 10 मिनिटे खळखळून उकळावे, पूर्ण निवू द्यावे आणि तळाशी बसलेला पांढरा थर न ढवळता वरचे पाणी ओतून घ्यावे. अशा 4 वाट्या पाण्यात 1 लहान चमचा मीठ विरघळवून त्यात 1 वाटी हरभरे 10 तास भिजवावेत. मिठातील सोडियम कॅल्शियमची जागा घेते. नंतर ते पाणी टाकून, दाणे धुवून, उकळून निवळलेल्याच ताज्या पाण्यात कुकर लावावा, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 20 मिनिटे ठेवावा आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेल्यावरच टोमॅटो, चिंच किंवा आमसूल घालावे, कारण आंबटपणानेही दाणा टणक राहतो. हरभरे जुने असल्यास मंद आचेवर आणखी 10 मिनिटे लागतात.