गुलाबांमागची झुडपे आणण्यापूर्वीची तयारी

घराच्या भिंतीलगत, गुलाबांच्या रांगेमागे, मी एकदा कुंतीची चार रोपे लावली. आणली तेव्हा ती गुडघ्याएवढी होती आणि भिंतीपासून दीड फूट, गुलाबांपासून दोन फूट ही जागा मला ऐसपैस वाटली. चौथ्या पावसाळ्यापर्यंत कुंतीच्या फांद्या एका बाजूने खिडकीच्या गजांत शिरल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूने गुलाबांच्या डोक्यावर आल्या होत्या. उजेडासाठी गुलाब पायवाटेकडे झुकले, त्यांचे बुंधे खालून उघडे पडले आणि उरलेल्या पानांवर पिवळ्या कडांचे काळे ठिपके आले. पुन्हा कोणी, म्हणजे मुख्यतः मी, हे करू नये म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

माती, पाणी, खत यांविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. गुलाब जगवणाऱ्याला ते ठाऊक असते. पहिले काम उन्हाचे. गुलाबाला दिवसाकाठी किमान ६ तास थेट ऊन लागते, तेव्हा एक पूर्ण दिवस मोडून सकाळी, दुपारी आणि चार वाजता सावली कोठे पडते ते जमिनीवर फक्कीने आखून घ्यावे. भिंत गुलाबांच्या मागे असली तरी ऊन तिरपे, कडेने येत असते आणि आज बोटभर वाटणारे रोप उद्या नेमके तेच ऊन अडवते. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे सावल्या लांबतात, हेही या आखणीत धरावे.

आता ज्यासाठी हा सारा लेखनप्रपंच, ती गोष्ट: झुडपाचा पूर्ण वाढ झाल्यानंतरचा घेर, म्हणजे त्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी. उंची सगळेच विचारतात, मीही विचारली होती. घेर विचारला नाही. रोपवाटिकेत रोप पिशवीत उभे असते, त्याच्या फांद्या वर बांधलेल्या असतात आणि ते आपल्याला सडपातळ वाटते. त्या दिसण्यावर विश्वास ठेवू नये. घेर विचारावा, विक्रेत्याने मोघम उत्तर दिल्यास दुसरीकडे विचारावा, आणि शक्य असल्यास त्याच जातीचे पाच-सहा वर्षांचे झाड कोठेतरी पाहून स्वतः टेपने मोजावा.

मग कागदावर हिशेब करावा. समजा, जास्वंदीचा घेर ५ फूट धरला, तर त्याचा अर्धा अडीच फूट. गुलाबाचा घेर ३ फूट, त्याचा अर्धा दीड फूट. दोघांच्या मध्ये वारा खेळावा आणि हात जावा म्हणून १ फूट. म्हणजे दोन्ही बुंध्यांमधले अंतर ५ फूट झाले. मागच्या बाजूला पुन्हा अडीच फूट, आणि भिंत रंगवायला किंवा खिडकी पुसायला माणूस आडवा होऊन का होईना जाऊ शकेल इतका दीड फूट. भिंतीपासून गुलाबाच्या बुंध्यापर्यंत एकूण ९ फूट. माझ्याकडे साडेतीन फूट होते. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे आणि तो मी केला नव्हता. छाटून आटोक्यात ठेवू, असे ज्यांना वाटते त्यांनी मे महिन्याच्या उन्हात पुढून गुलाबाचे काटे बाहीत अडकलेले असताना मागच्या झुडपापर्यंत कात्री पोचवून पाहावी.

अंतर केवळ सोयीसाठी नाही. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग काही तास ओले राहावे लागते. पाठीमागे दाट पाला अंगाला अंग लावून उभा असला की सकाळचे दव दुपारपर्यंत वाळत नाही आणि आपण फवारण्या करत बसतो.

हिशेबात बसणाऱ्या झुडपांतूनच निवड करावी, उलट क्रमाने नव्हे. तगर मला सर्वांत समंजस वाटते: सदाहरित, गर्द पानांची, पांढऱ्या फुलांमुळे कोणत्याही रंगाच्या गुलाबाशी न भांडणारी, आणि तिची बुटकी जातही मिळते. एक्झोराला किंचित आम्लधर्मी माती लागते. भिंतीलगत बांधकामाचा चुना-सिमेंट पुरलेला असल्यास त्याची पाने पिवळी पडतात आणि शिराच तेवढ्या हिरव्या राहतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड हमखास येते, ज्याला झाड रोज पाहण्याची सवय आहे त्यानेच जास्वंद लावावी. कढीपत्ता मुळांतून फुटवे काढतो आणि गुलाबांच्या वाफ्यात उगवतो. बोगनवेल नको, काट्यांमागे काटे कशाला? कण्हेर उभी वाढते हे खरे, परंतु तिचे सर्व भाग विषारी आहेत, त्यामुळे घरात लहान मूल किंवा जनावर असल्यास विचारही करू नये. कुंती वाईट नाही, सुगंध तर अप्रतिम. तिला जागा हवी, इतकेच. घेर मोजा.

विकत घेण्यापूर्वी अंगणात तालीम करावी. झुडपाच्या घेराएवढे सुतळीचे वर्तुळ जमिनीवर टाकावे, मध्ये काठी रोवावी आणि खिडक्या उघडून पाहाव्यात, नळाशी बादली ठेवून पाहावी, सांडपाण्याच्या चेंबरचे झाकण वर्तुळात येते का ते तपासावे. माझे आले होते. झाकण उघडण्यासाठीच पहिली कुंती गेली.

पुढचे थोडक्यात. पागोळ्यांखालची जागा पावसातही कोरडी राहू शकते, किंवा धार पडून माती खणली जाते, दोन्ही टाळावे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद. गुलाबांची मुळे तोडू नयेत. खत दोघांना वेगवेगळे, नाहीतर झुडूप गुलाबाच्या वाट्याचे खाते. पहिले वर्षभर नेमाने पाणी.

लावल्यानंतर मधली जागा रिकामी आणि बावळट दिसेल. तेथे झेंडू, सदाफुली असे काहीही हंगामी लावावे. आणखी एक झुडूप आणू नये.