जुन्या टर्बो डिझेलला हाताने बनवलेला इंटरकूलर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या टर्बो डिझेल गाड्या अजून भरपूर फिरतात आणि त्यांतल्या काहींना कंपनीतूनच इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी निववणारी जाळी, आलेला नसतो. सपाट हमरस्त्यावर अशा गाडीबद्दल तक्रार करावी असे काही नसते. पण मे महिन्यात चार माणसे आणि सामान घेऊन गोव्याहून चोर्ल्याच्या घाटाने वर येताना तिची ताकद वळणागणिक उतरत जाते. टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, इंजिनात जाणारी हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना टर्बोने दाब दुप्पट केला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्यातून निघणारी हवा हिशेबाने सुमारे १३० अंशांवर असते. तीच हवा ६५ अंशांपर्यंत निवली, तर तेवढ्याच दाबाला तिची घनता सुमारे एक पंचमांशाने वाढते, म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढा ऑक्सिजन अधिक जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा मुळातच कोकणापेक्षा विरळ असते. तोच दाब गाठायला टर्बोला अधिक राबावे लागते आणि हवा आणखी तापते.

हत्यार हातात घेण्याआधी कायद्याकडे पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे, मग ते बेळगावचे असो की चिकोडीचे, तिथे आधी विचारून घ्यावे.

इंटरकूलरची मधली जाळी, जिला सगळे कोअर म्हणतात, ती घरी बनत नाही. ती नवी घ्यावी किंवा भंगारातून निवडावी. कोअरच्या दोन टोकांना हवा आत-बाहेर नेणारे डबे असतात, त्यांना टाक्या म्हणतात. प्लॅस्टिकच्या टाक्या पत्रा दुमडून बसवलेला कोअर घेऊ नये, कारण तिथे वेल्डिंगला धड कड मिळत नाही. संपूर्ण ॲल्युमिनियमचाच घ्यावा. ज्या गाडीचा टर्बो फुटला होता तिचा कोअर फुकट मिळाला तरी नाकारावा. आतल्या बारीक पंखांत अडकलेले धातूचे कण कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाहीत आणि एखादा कण जरी सुटला तरी तो थेट इंजिनात जातो. कोअर उलटा करून पांढऱ्या कापडावर ठोकावा आणि कापडावर चमचम दिसली तर तो तिथेच ठेवून परत यावे.

जुन्या कोअरमध्ये तेलाचा थर असतोच. तो डिझेलने दोन-तीनदा खळबळून धुवावा, मग डिटर्जंटच्या गरम पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने धुऊन उन्हात दोन दिवस वाळवावा. कॉस्टिक सोडा चुकूनही वापरू नये. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात बॉक्साइटमधले ॲल्युमिना याच कॉस्टिकमध्ये विरघळवून वेगळे काढतात. कागदाएवढ्या पातळ पंखांचे त्यात काय होईल, हे सांगायला नको.

खरे काम टाक्यांचे आहे. इंटरकूलर किती मोठा आहे यापेक्षा हवा सगळ्या नळ्यांत सारखी वाटली जाते का, यावर त्याचा गुण ठरतो. चौकोनी डबा करून त्याच्या एका टोकाला पाइप लावला, तर हवा समोरच्या काही नळ्यांतून निघून जाते आणि उरलेला कोअर नुसते ओझे होतो. म्हणून टाकी पाइपच्या बाजूला खोल आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळती करावी. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापावा, बंपर काढून तो जागेवर धरून पाहावा, बॉनेट लागते का आणि कुलूप कुठे अडते का हे बघावे आणि मगच ३ मिमी जाडीचा ५०५२ प्रतीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापावा. खालच्या टाकीच्या तळाशी स्क्रूने बंद होणारे एक छोटे भोक आताच ठेवावे.

वेल्डिंग आर्गन वायूवर, एसी (अल्टरनेटिंग) करंटने करावे आणि ज्याने ॲल्युमिनियमवर हात बसवला आहे अशाच कारागिराकडून करून घ्यावे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांपलीकडेही टिकतो, म्हणून जोडायच्या कडा फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासून ॲसिटोनने पुसाव्यात आणि ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच वेल्डिंग सुरू करावे. माझ्या पहिल्या कोअरमध्ये तेल राहिले होते. वेल्डचा मणी चांदीसारखा दिसण्याऐवजी काळ्या ठिपक्यांनी भरला आणि पाण्यात धरल्यावर त्यातल्या प्रत्येक ठिपक्यातून बुडबुडा आला. तो सांधा पूर्ण कापून पुन्हा करावा लागला. सांध्यात वितळवून भरायची कांडी ४०४३ प्रतीची मागून घ्यावी. ५३५६ च्या कांडीत मॅग्नेशियम जास्त असते आणि ६५ अंशांहून अधिक सतत तापणाऱ्या सांध्याला ती चालत नाही. कोअरच्या नळ्या ज्या ब्रेझिंगने, म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूच्या डागाने, जोडलेल्या असतात ते ६०० अंशांच्या आसपास सुटू लागते, म्हणून आधी टाके मारून, मग समोरासमोरच्या बाजूंना तुकड्या-तुकड्याने, मध्ये थंड होऊ देत वेल्ड करावे.

पाइपच्या मापाबद्दल मोह आवरावा. १,४०० सीसीचे डिझेल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असताना ५० मिमी पाइपातून हवा सेकंदाला जेमतेम २० मीटर वेगाने जाते, म्हणजे हा पाइप पुरेसा आहे. त्याहून जाड पाइप घेतला तर भरायची पोकळी वाढते आणि पिकअप उशिरा मिळतो. पाइपाच्या टोकांना उठावाची कड काढून घ्यावी, नाहीतर दाबाखाली होज (जोडणारी लवचीक नळी) निसटतो. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते आणि इंटरकूलर बॉडीला घट्ट असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना सिलिकॉन होजचा सांधा असलाच पाहिजे आणि क्लिप टी-बोल्टची असावी.

गाडीला लावण्यापूर्वी दाबाची परीक्षा घ्यावी. दोन्ही तोंडांना बुचे बसवून ती तारेने आडवी बांधावीत, कारण सुटलेले बूच गोफणीच्या दगडासारखे येते. मोठा कॉम्प्रेसर थेट न जोडता गेज असलेल्या सायकलपंपाने टर्बोच्या दाबाच्या दीडपट हवा भरावी, इंटरकूलर पाण्याच्या टाकीत बुडवून प्रत्येक सांधा पाहावा आणि बुचासमोर कोणालाही उभे राहू देऊ नये.

इंटरकूलर रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या (गाडीच्या एसीची पुढची जाळी) पुढे, बोटभर अंतर ठेवून, रबरी बुशांवर बसवावा. एसीच्या गॅसच्या नळ्यांना हात लावू नये. बाजूंच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या नाहीत तर हवा कोअरमधून न जाता बाजूने पळते. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि बहुतेक जण नेमके तेच सोडतात. गाडीचे इंजिन इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवर चालत असेल तर हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या नंतर आणावा.

आता वंटमुरीच्या घाटात गाडी नेऊन पाहावी. तिथे डिझेल गाडीच्या मागे काळा धूर वाढला आणि शिट्टीसारखा आवाज आला, तर टर्बोनंतर कुठेतरी हवा गळते आहे. पाण्याच्या तापमानाचा काटाही पाहावा, कारण रेडिएटरपुढे आपण आडोसा उभा केला आहे. तो काटा वर सरकत असेल तर पंख्याचे काम आधी करावे. डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू नये. या मेहनतीने मिळालेला थंडावा तिथेच वाया जातो.

गळीत हंगामात निपाणी-संकेश्वर भागातल्या ट्रॉल्यांमागून चालताना उसाचे पाचट आणि लाल धूळ जाळीत भरते. दर पंधरा दिवसांनी मागून पुढे, हलक्या दाबाने पाणी मारावे, म्हणजे पंख वाकत नाहीत. कणकुंबीकडच्या पावसाची भीती नको, कारण बंद सांध्यांतून पाणी आत शिरत नाही. फक्त एअर फिल्टरचे तोंड उंचावरच राहू द्यावे. प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी तळाचा स्क्रू उघडून साचलेले तेल काढावे. चमचा-दोन चमचे निघाले तर ठीक. वाटीभर निघाले तर टर्बोचे सील तपासून घ्यावे.