अकोनाडीचा डेटाबेस सर्व्हर बदलताय? या चुका टाळा

लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर केमेल (मेल), केऑर्गनायझर (दिनदर्शिका) किंवा या दोन्हींना एकत्र आणणारं कॉन्टॅक्ट वापरणाऱ्याच्या संगणकात अकोनाडी ही सेवा मागे सतत चालू असते. मेल, भेटीगाठी आणि पत्ते यांची नोंद ती डेटाबेसात ठेवते. त्यासाठी बहुतेक डिस्ट्रो (डेबियन, कुबंटूसारख्या लिनक्सच्या आवृत्त्या) मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी देतात. त्याऐवजी पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट लावता येतं. मात्र ते लावण्याच्या घाईत लोकांचे मेल-फिल्टर, टॅग आणि सर्व्हरवर न पोचलेले बदल हातचे जातात.

फक्त ड्रायव्हरची ओळ बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. होममधल्या (तुमच्या युजरच्या मुख्य फोल्डरातल्या) '.कॉन्फिग/अकोनाडी' फोल्डरात 'अकोनाडीसर्व्हरआरसी' ही फाइल असते. तिच्यातला 'क्यूमायएसक्यूएल' खोडून 'क्यूएसक्यूलाइट' लिहिलं की अकोनाडी सुरू होते, कुठलाही एरर येत नाही आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. खरं तर नवा डेटाबेस पूर्ण रिकामा असतो, जुन्यातलं काहीही त्यात आलेलं नसतं. आयमॅपवरचे, म्हणजे मेल-सर्व्हरवरच साठवलेले मेल तिथून पुन्हा उतरतात, म्हणून सुरुवातीला काही बिघडल्याचं लक्षातही येत नाही. पण फक्त तुमच्या संगणकात असलेले टॅग आणि ऑफलाइन असताना केलेले, सर्व्हरवर न पोचलेले बदल मात्र परत येत नाहीत.

त्याहून मोठा घोळ फिल्टरचा. केमेलचा फिल्टर फोल्डर ओळखतो तो नावाने नव्हे, अकोनाडीने दिलेल्या क्रमांकाने. समजा जुन्या डेटाबेसात 23 हा क्रमांक 'बँक' फोल्डरचा होता. नव्या डेटाबेसात फोल्डरांना नव्याने क्रमांक मिळतात आणि 23 'कचरा'च्या वाट्याला येऊ शकतो. मग बँकेचे मेल गुपचूप कचऱ्यात जातात. पाठवलेले मेल कुठे ठेवायचे, ही आयडेंटिटीमधली (पाठवणाऱ्याच्या ओळखीची) सेटिंगही अशीच चुकते.

नव्या आवृत्त्यांत यासाठी 'अकोनाडी-डीबी-मायग्रेटर' ही स्वतंत्र आज्ञा आहे. ती डेटा क्रमांकांसकट एका इंजिनातून, म्हणजे डेटाबेस प्रकारातून, दुसऱ्यात नेते. क्रम असा ठेवा:

1. केमेल ऑनलाइन करून सिंक पूर्ण होऊ द्या. अकोनाडी चालू असतानाच 'अकोनाडीसीटीएल एफएससीके' ही डेटाबेस तपासणारी आज्ञा चालवा. ती बंद असली तर ही तपासणी होत नाही.
2. केमेल, कॉन्टॅक्ट, सगळं बंद करा. 'अकोनाडीसीटीएल स्टॉप' द्या आणि ती खरंच थांबली का, हे 'अकोनाडीसीटीएल स्टेटस'ने पाहा.
3. '.लोकल/शेअर/अकोनाडी' आणि '.कॉन्फिग/अकोनाडी' या दोन्ही फोल्डरांची पूर्ण प्रत काढा.
4. नव्या इंजिनाचं पॅकेज घाला. डेबियन-कुबंटूत त्याचं नाव 'अकोनाडी-बॅकएंड-एसक्यूलाइट' किंवा '-पोस्टग्रेएसक्यूएल' असं असतं. जुनं पॅकेज अजून काढू नका, कारण जुना डेटा वाचायला जुनाच सर्व्हर लागतो.
5. मायग्रेटरला '--न्यूइंजिन एसक्यूलाइट' असा पर्याय देऊन चालवा, मग 'अकोनाडीसीटीएल स्टार्ट'.

तिसऱ्या पायरीत फक्त 'डीबी_डेटा' हा डेटाबेसाचा फोल्डर उचलणारे बरेच असतात. अकोनाडी 4096 बाइटपेक्षा मोठा मजकूर डेटाबेसात न ठेवता शेजारच्या 'फाइल_डीबी_डेटा'त ठेवते. तो फोल्डर सुटला तर परत लावलेल्या प्रतीत मेलची यादी दिसते, पण मेल उघडत नाही.

तुमच्या डिस्ट्रोत मायग्रेटर नसेल तर ड्रायव्हर बदलण्याआधी केमेलमधून फिल्टर एक्सपोर्ट करून ठेवा आणि बदलल्यावर प्रत्येक फिल्टरचा फोल्डर डोळ्यांनी तपासा. तोवर फिल्टर बंदच ठेवलेले बरे.

भलताच सर्व्हर दुरुस्त करत बसणं

अकोनाडी स्वतःचा सर्व्हर स्वतः सुरू करते, तुमच्याच युजरच्या नावाने. त्यामुळे 'सिस्टिमसीटीएल'ने मारियाडीबी रीस्टार्ट करून अकोनाडीला काडीचाही फरक पडत नाही. तिच्या सर्व्हरचा लॉग 'डीबी_डेटा'मधल्या 'मायएसक्यूएल.ईआरआर' फाइलीत मिळतो. रोग नेमका कुठे आहे, ते आधी तिथे बघा. बरेचदा डिस्क भरलेली असते किंवा जुनी प्रोसेस लटकलेली असते, आणि त्यासाठी इंजिन बदलायची गरजच नसते.

रॅम जास्त जाते एवढीच तक्रार असेल तर '.कॉन्फिग/अकोनाडी'त 'मायएसक्यूएल-लोकल.कॉन्फ' करून बफर पूलचा (डेटाबेस राखून ठेवतो त्या रॅमचा) आकार कमी करून पाहा. '.लोकल/शेअर/अकोनाडी'तली 'मायएसक्यूएल.कॉन्फ' मात्र अकोनाडी स्वतः तयार करते, तिच्यात लिहिलेलं टिकेल याचा भरवसा नाही.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी एकच समजणं

कुबंटूतून डेबियनवर आल्यावर जुनं होम तसंच लावलं की अकोनाडी उठत नाही, ती यामुळे. कुबंटू मायएसक्यूएल देते, डेबियन मारियाडीबी; आणि मायएसक्यूएल 8 ची डेटा डिक्शनरी (टेबलांची अंतर्गत नोंद) मारियाडीबीला वाचता येत नाही. कुबंटू चालू असतानाच एसक्यूलाइटवर स्थलांतर करा, मग डिस्ट्रो बदला. 'आयबी_लॉगफाइल' ही डेटाबेसाची बदल-नोंद उडवून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आहे तो डेटाही त्याने खराब होऊ शकतो.

पोस्टग्रेएसक्यूएल घेऊन विसरून जाणं

भरपूर मेल असतील तर पोस्टग्रेएसक्यूएल चांगलंच आहे. पण त्याची मुख्य आवृत्ती बदलली, म्हणजे 15 वरून 16 आली, की जुनी डेटा डिरेक्टरी नवा सर्व्हर थेट उघडत नाही. ती 'पीजी_अपग्रेड' या साधनातून जावी लागते आणि त्याला दोन्ही आवृत्त्यांच्या बायनरी (प्रोग्रॅम फाइली) लागतात. डिस्ट्रो अपग्रेडनंतर नको असलेली पॅकेजं काढणारं 'ऑटोरिमूव्ह' लगेच चालवलं तर जुनी बायनरी जाते आणि दार बंद होतं. सेटिंगमध्ये सर्व्हर सुरू करणाऱ्या 'पीजी_सीटीएल'चा पत्ता हाताने लिहिला असेल तर तोही तपासा, कारण डेबियनमध्ये त्या पत्त्यातच आवृत्तीचा आकडा असतो.

एसक्यूलाइट नेटवर्कवरच्या होममध्ये ठेवणं

एका माणसाच्या लॅपटॉपला आमच्या मते एसक्यूलाइटच योग्य. वेगळा सर्व्हर नाही, आवृत्त्यांची कटकट नाही, सगळं 'अकोनाडी.डीबी' या फाइलीत. पण होम एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकात असेल तर नको: एसक्यूलाइटची वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची) शेअर्ड मेमरीवर चालते आणि ती नेटवर्क फाइलसिस्टिमवर काम करत नाही. तसंच, अकोनाडी चालू असताना नुसती 'डीबी' फाइल कॉपी केली तर शेजारच्या 'वॉल' फाइलीतले ताजे बदल सुटतात. आधी अकोनाडी थांबवा, मग कॉपी करा.

डेटा दुसऱ्या डिस्कवर नेऊन जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) लावली आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल 'परवानगी नाही' म्हणू लागलं, तर फाइलींचे हक्क बदलत बसू नका. डेबियन-कुबंटूत ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेची प्रोफाइल त्याला ठरलेल्या जागेबाहेर जाऊ देत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये 'डिनाइड' अशी नोंद दिसली की कारण तेच. नवा पत्ता प्रोफाइलमध्ये घालून ती पुन्हा लोड करा.

बदल झाल्यावर 'अकोनाडीसर्व्हरआरसी'त नवा ड्रायव्हर आला का, ते पाहा. तुमच्या नावाने मारियाडीबीची प्रोसेस चालू नाही ना, हेही तपासा. मग स्वतःलाच एक मेल पाठवा: तो 'पाठवलेले'मध्ये योग्य जागी पडला आणि फिल्टरने ठरल्या फोल्डरात नेला, की जुनं बॅकएंड पॅकेज काढायला हरकत नाही.