ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पॅनला ड्रेन प्लग बसवताना

अनेक जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पॅनला, म्हणजे तळाशी तेल साठणाऱ्या तबकाला, तेल काढण्यासाठी प्लग दिलेला नसतो. जनरल मोटर्सच्या टीएच-३५० किंवा ७००आर४ या गिअरबॉक्सच्या मूळ पॅनमध्ये तो सहसा आढळत नाही. अशा वेळी तेल बदलायचे म्हणजे भरलेला पॅन बोल्ट काढून खाली उतरवायचा, आणि एका कोपऱ्यातून तेल सांडणार हे गृहीत धरायचे. पॅन एकदा उतरवलाच आहे, तर त्याच वेळी त्याला प्लग बसवून घेणे शहाणपणाचे ठरते. पुढे सांगितलेली पद्धत पत्र्याच्या पोलादी पॅनसाठी आहे. प्लास्टिकच्या पॅनला भोक पाडण्याचा विचारही करू नये.

गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडसर लावून, भक्कम स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. तेल कोमट असावे, कारण गरम तेलाने हात भाजतो आणि थंड तेल सावकाश निथळते. एका बाजूचे बोल्ट शेवटपर्यंत थोडे अडकवून ठेवले, तर पॅन तिरका होतो आणि तेल एकाच बाजूने परातीत पडते. पॅनमधील चुंबकावर करड्या रंगाचा मऊ थर असणे स्वाभाविक आहे. मात्र त्यात बोटाला टोचणारे तुकडे सापडले, तर प्लगचे काम बाजूला ठेवून आधी गिअरबॉक्सची तपासणी करून घ्यावी.

या कामात खरा विचार लागतो तो जागा निवडताना. भोक पॅनच्या सर्वांत खोल भागात हवे, पण आत फिल्टर आणि बाहेर क्रॉसमेंबर (गाडीच्या सांगाड्याचा आडवा दांडा) किंवा एक्झॉस्टचा पाइप आड येता कामा नये. प्लगचा जोड पॅनला धरून ठेवणारा आतला नट फिल्टरला टेकला किंवा त्याच्या तोंडाजवळ आला, तर तेलाची ओढ अडते आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो. हे अंतर नजरेने ठरवू नये. पॅनच्या तळावर नियोजित जागी मऊ प्लास्टिसिनचा गोळा ठेवावा, जुन्या गॅस्केटसह (सांध्यातून तेल गळू नये म्हणून घातलेल्या पट्टीसह) पॅन चार-सहा बोल्टांवर बसवून पुन्हा काढावा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजावी. नटाची उंची त्यापेक्षा स्पष्टपणे कमी असली पाहिजे. मोजमाप झाल्यावर प्लास्टिसिनचा कणही मागे राहू देऊ नये. प्लगचे डोके रस्त्याच्या दिशेने फार लोंबत असेल, तर पॅनच्या मागच्या भिंतीच्या तळाशी नट वेल्ड करून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण पुढून येणारा दगड तिथे थेट आदळत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पॅनची कड वाकते, म्हणून नंतर ती सपाट फरशीवर ठेवून तपासावी आणि सांध्यातून गळती होते का, हे रॉकेल भरून पाहावे.

तयार किट वापरायचे असल्यास पंचने खूण करून आधी बारीक बिटने आणि मग टप्प्याटप्प्याने मोठ्या बिटने भोक पाडावे. अनेक किटना अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी भोक लागते. तरी किटवरील माप पाहूनच बिट निवडावे. पॅन गाडीला लावलेला असताना ड्रिल करू नये. भोकाची कड दोन्ही बाजूंनी कानशीने साफ करावी आणि चुंबक काढून पॅन सॉल्व्हंटने इतका स्वच्छ धुवावा की पांढरे कापड आतून फिरवल्यावर त्यावर लोखंडाचा कीस दिसणार नाही. व्हॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे तेलाचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागातील, झडपा इतक्या बारीक फटींत सरकतात की अशा एखाद्या कणानेही त्या अडकू शकतात. याच कारणाने आतल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये आणि सिलिकॉनचा लगदा आत पसरू देऊ नये. किटमधील वॉशर सांगितलेल्या बाजूलाच बसवावा आणि नट घट्ट करताना पत्रा आत ओढला जाणार नाही इतकाच जोर द्यावा.

पॅन परत लावण्यापूर्वी बोल्टांच्या भोकांभोवती उचललेला पत्रा हलक्या हातोडीने सपाट करून घ्यावा. गळतीचे मूळ पुष्कळदा प्लगमध्ये नसून तिथेच असते. फिल्टर आणि गॅस्केट नवे घालावे, चुंबक जागेवर ठेवावे आणि बोल्ट आलटून-पालटून, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने घट्ट करावेत. तेल उत्पादकाने सांगितलेल्याच प्रकारचे असावे आणि एकदम पूर्ण भरू नये. इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून धरून, प्रत्येक गिअरमध्ये क्षणभर थांबावे आणि पातळी तेल तापल्यावर, पुस्तिकेत सांगितलेल्या गिअरस्थितीत तपासावी. टॉर्क कन्व्हर्टरमधील (इंजिनाची ताकद तेलाद्वारे गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातील) तेल पॅनमधून निघत नाही, त्यामुळे प्लगने एका वेळी सगळे तेल बदलते असे समजू नये. फिल्टरसाठीही पॅन पुढे उतरवावाच लागतो.

पहिल्या फेरीनंतर प्लगभोवती कोरडा कागद फिरवून ओल तपासावी. पुढे प्लग उघडताना बाहेरच्या षट्कोनी भागाला एक पाना लावून तो स्थिर धरावा आणि दुसऱ्या पान्याने फक्त प्लग फिरवावा, नाहीतर संपूर्ण जोड पॅनमध्ये सैल होतो.