गाडीचं ऑइल आणि घरचा हिशेब: या चुका टाळा

गाडी घेताना हप्त्याचा हिशेब सगळे करतात, सर्व्हिसिंगचा फारसा कोणी करत नाही. मग शाळेची फी आणि सर्व्हिसिंग एकाच महिन्यात येतात, ‘पुढच्या पगारात बघू’ होतं आणि जुनंच ऑइल आणखी चार हजार किलोमीटर ओढलं जातं. चांगली इंजिनं अशीच वाया जातात, आणि ते बघवत नाही.

बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ऑइल बदलायला 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असा नियम असतो. गाडी कमी फिरते म्हणून वर्ष मोजायचंच नाही, ही मोठी चूक. रोज दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. ओल आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्येच राहतो.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बघण्यातही घाई होते. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. काडी ओढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि दुसऱ्यांदा काढल्यावरच वाचा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर थोडं थोडं घाला. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि ऑइलचा दाब कमी होतो.

काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेल गाडीत ते लवकरच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काडीवर दुधाळ चहाचा रंग दिसला तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळलंय असं समजा, गाडी टो करूनच न्या. (पावसाळ्यात नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाखाली पातळ साय धरली असेल, तर बहुतेकदा ती ओल असते.) आणि डॅशबोर्डवरचा ऑइलच्या झारीच्या चित्राचा लाल दिवा ऑइलच्या दाबाचा असतो. तो चालत्या गाडीत पेटला तर ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ नको. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

काटकसर फिल्टरवर करू नका, सुटं ऑइल घेऊ नका. ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-दाट ते सांगणारा आकडा, मॅन्युअलमधलाच; 0W-20 असेल तर तोच.

खरी काटकसर वहीत आहे. गाडीत एक छोटी वही ठेवा: तारीख, किलोमीटर, ग्रेड, किती लिटर, किती रुपये. वर्षाचा खर्च 6,000 येत असेल तर महिन्याला 500 पाकिटात किंवा वर्षभराच्या आरडीत टाका, विम्याचेही तसेच. बिलावरचे लिटर मॅन्युअलशी ताडून बघा. मधे वरून घातलेलं ऑइलही लिहा. दोन टॉप-अपमधलं अंतर घटत चाललं, तर कुठेतरी गळती आहे किंवा इंजिन ऑइल खातंय. सायलेन्सरमधून निळा धूर येतोय का ते बघा आणि वहीचं ते पान मेकॅनिकपुढे ठेवा.