चार पियानोंवर बाख: रेकॉर्डिंग करताना या चुका टाळा

मित्र जमतात, पियानोंची सोय होते, बाखचा चार पियानो आणि तंतुवाद्यवृंदासाठीचा कॉन्चेर्तो (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०६५) घ्यायचं ठरतं. सगळे नीट वाजवतात आणि पहिला टेक ऐकताना मात्र नुसता गलका कानावर येतो. अशा वेळी तयारी कमी पडलेली नसते. बहुतेकदा दोष डाव्या हातांचा असतो.

इटालियन संगीतकार विवाल्दीचा चार व्हायोलिनांचा बी मायनर या स्वरपट्टीतला कॉन्चेर्तो १७११ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला. बाखने तो ए मायनरमध्ये आणून चार हार्पसिकॉर्डना, म्हणजे पियानोच्या आधीच्या कळफलकाच्या वाद्यांना, दिला. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, तिचा नाद बारीक आणि लवकर विरणारा. म्हणून डावे हात अनेक ठिकाणी चेलोबरोबर एकच खर्ज वाजवत असले तरी ते शोभून दिसतं. आजच्या ग्रँड पियानोवर त्याचाच चिखल होतो. जिथे खर्ज सामाईक आहे तिथे तो एकानेच भरून वाजवावा, बाकीच्यांनी हलका आणि तुटक ठेवावा. कोणी कुठे मागे राहायचं ते आधीच बसून ठरवा आणि प्रत्येकाच्या प्रतीवर पेन्सिलीने लिहा. ऐन रेकॉर्डिंगमध्ये मित्राला ‘तू कमी वाजव’ म्हणणं जड जातं.

दुसरी चूक लार्गोत, म्हणजे संथ लयीच्या दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये (रचनेच्या खंडात), होते. तिथे मधल्या भागात चौघं एकाच वेळी तेच कॉर्ड (स्वरसमूह) एकेक स्वर सुटा करून वाजवतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सगळं सौंदर्य त्या फरकात आहे, आणि आपण एकमेकांसारखं वाजवायला जातो! त्यात स्वर लांबवणारं पेडल दाबून धरलं की चार घाटांचा एकच धूसर पडदा होतो. इथे पेडल जवळजवळ नकोच. प्रत्येकाने आपला भाग आधी एकट्याने रेकॉर्ड करून ऐकावा. त्याचा घाट तिथे ओळखू येत नसेल तर चौघांत तो हरवणारच.

ट्रिलचं, म्हणजे शेजारचे दोन स्वर झरझर आलटूनपालटून वाजवण्याचं, मात्र उलट. ती वरच्या स्वरापासून सुरू करायची की नाही, किती लांबवायची, हे सर्वांचं एकच हवं.

चारही पियानो एकाच ट्यूनरकडून, एकाच दिवशी, एकमेकांशी ताडून लावून घ्या. एक ४४० आणि दुसरा ४४२ हर्ट्झवर, म्हणजे किंचित वेगळ्या सुरात, लावलेले दोन पियानो शेजारी आले तर कुठलंही मिक्सिंग ते झाकू शकत नाही. झाकणं काढून टाका आणि सगळ्यांना एकमेकांचे हात दिसतील अशी मांडणी करा. माइक लावताना चार पियानो डावीकडून उजवीकडे वेगळे ऐकू येतील हे पाहा, नाहीतर सवालजवाब कळतच नाहीत.

हौशी वादकाने बिचकू नये. पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सलर हेल्मुट श्मिट यांनी एशेनबाख, फ्रान्ट्स आणि ओपिट्स या व्यावसायिक पियानोवादकांसोबत हाच कॉन्चेर्तो रेकॉर्ड केला होता. पहिल्या पियानोवर सर्वांत जास्त भार असतो, तो सर्वांत तयार हाताकडे द्या.

तालाच्या चार-चार मापांचे (बारचे) तुकडे जोडायच्या भरीला पडू नका. लय प्रत्येक टेकमध्ये किंचित सरकते आणि सांधा ऐकू येतो. अख्खी मूव्हमेंट दोन-तीनदा सलग घ्या, मग दुरुस्तीपुरते लांब तुकडे. शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत कोणी स्टुलावरून हलू नये.