सौंदत्तीच्या डोंगरावरून समुद्रातल्या पवनचक्कीकडे

खानापूर, बेळगाव, निपाणीकडची आयटीआय झालेली पोरं भेटली की हमखास विचारतात, ‘दादा, समुद्रातल्या त्या मोठ्या पवनचक्क्यांवर काम मिळेल काय ओ?’ मिळेल. पण त्याची वाट डोंगरावरून जाते. माझं गाव खानापूर तालुक्यात, काम सौंदत्ती भागातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीचं. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ट्रेड केलेल्याला, नाहीतर डिप्लोमावाल्याला हे जमण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मशीनचा हिशेब समजून घ्या, मुलाखतीतही तो विचारतात. आपल्याकडे जुन्या पिढीत ८०० किलोवॅटचं, ५३ मीटर व्यासाचं मशीन भरपूर लागलं. वेस्टास कंपनीचं समुद्रातलं मशीन १५ मेगावॅटचं आहे. व्यास २३६ मीटर आणि एकेक पातं ११५.५ मीटरचं. व्यास साडेचारपट वाढला, पण पाती फिरताना जे वर्तुळ व्यापतात त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ वीसपट झालं. ८०० किलोवॅटला वीसने गुणा, १६ मेगावॅट येतात. म्हणजे एका चौरस मीटरमागे ताकद साधारण तेवढीच, वाढलाय तो घेर. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि समुद्रावर वाऱ्याला ना डोंगर आडवा येतो ना झाड. १९९१ मध्ये डेन्मार्कमधल्या विंडेबीला समुद्रातला जगातला पहिला पवनचक्की प्रकल्प उभा राहिला, ११ चक्क्यांचा, प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या. आजचं एक मशीन त्या अख्ख्या प्रकल्पाच्या तिप्पट आहे.

समुद्रातच एवढी मोठी का? तिथे प्रत्येक मशीनला तळात पाया, केबल आणि जहाज लागतं, म्हणून थोडी पण मोठी मशीनं परवडतात. जमिनीवर रस्ता आडवा येतो. तवंदी घाटात पात्याचा ट्रेलर वळण घेताना मागची वाहतूक कशी खोळंबते ते निपाणीकरांना विचारा. एकशे पंधरा मीटरचं पातं तिथून जायचंच नाही. बंदरालगतच्या कारखान्यातून ते थेट जहाजावर चढतं.

भारतात सागरी पवन ऊर्जेचं धोरण २०१५ मध्ये आलं. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, त्यात गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ५०० - ५०० मेगावॅट आणि दोन बंदरांची सुधारणा आहे. कारवार आपल्याला जवळचं, पण या योजनेत ते नाही. म्हणून त्या किनाऱ्याची वाट बघत बसू नका. आज काम आहे ते सौंदत्ती, गदगच्या टेकड्यांवर, आणि तिथे जे शिकाल तेच समुद्रात लागतं.

आता ते काय, ते सांगतो. वर चढणं दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं, त्याचं कौतुक नको. खरी परीक्षा पॅनलचं दार उघडताना होते. ब्रेकर पाडायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं, नावाचा टॅग अडकवायचा. साइटवर याला लोटो म्हणतात. चावी आपल्याच खिशात. सुपरवायझरने मागितली तरी द्यायची नाही. मी नव्या पोराला टॉवरच्या दारातच विचारतो, ‘चावी कुठाय?’ त्याने खिशावर हात ठेवला तरच पुढे. कन्व्हर्टर म्हणजे चक्कीची वीज ग्रिडला जुळती करणारं यंत्र; त्याच्या कपाटात वीज साठवणारे कपॅसिटर असतात आणि ब्रेकर पाडल्यावरही त्यांत जीव घेण्याइतका चार्ज राहतो. दारावर जेवढी मिनिटं लिहिलेली असतात तेवढी पुरी होईपर्यंत हात लावायचा नाही. मग दोन टोकांचा टेस्टर घ्यायचा. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर टेस्टर इथे चालत नाही. दोन टोकांचा टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या जागी, मग परत चालू पॉइंटवर. शेवटची तपासणी पोरं गाळतात. टेस्टर मधेच बिघडला असेल तर ‘सप्लाय नाही’ हे खोटंच दिसणार, आणि ते कळायला दुसरा मार्ग नाही.

फिटरवाल्यांनी बोल्टकडे लक्ष द्यावं. टॉर्क मारून झाला की नट, वॉशर आणि फ्लँज यांवरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढतात. पुढच्या खेपेला रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. ही नजर आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तयार होते. तिथल्या हायड्रॉलिकच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये वर्षभर काढलेला पोरगा टॉर्क आणि प्रेशर यांतला फरक हाताने ओळखतो. तसली नोकरी कमी पगाराची म्हणून सोडू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

यानंतर प्रमाणपत्र. जगभर चालतं ते ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं, सगळे त्याला ‘जीडब्ल्यूओ’ म्हणतात. प्राथमिक सुरक्षेचे पाच भाग आहेत: प्रथमोपचार, वजन उचलणं, आग, उंचीवरचं काम आणि सागरी बचाव. जमिनीवर पहिले चार लागतात, समुद्रासाठी पाचवा. मुदत दोन वर्षांची, म्हणून काम नक्की होण्याआधी सागरी बचावावर पैसे घालू नका. पैसे भरण्यापूर्वी केंद्र जीडब्ल्यूओच्या यादीत आहे का ते बघा. ‘विंडा’ या त्यांच्या नोंदवहीत आपला आयडी आपणच काढायचा, आणि कोर्स झाल्यावर केंद्राने नोंद तिथे चढवली की नाही ते तपासायचं. तिथे नोंद नसेल तर हातातल्या रंगीत कागदाला कोणी विचारत नाही. शिकायला सुरुवातच करायची असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या प्रशिक्षणांवरही नजर ठेवा.

समुद्रात वेगळं काय? बोट चक्कीच्या पायाला नाक टेकवून दाबून धरते आणि लाटेवर वरखाली होत असताना तुम्ही पाऊल शिडीवर टाकता. कधी टाकायचं ते बोटीवरचा माणूस सांगतो, आपण मनाने टाकायचं नाही. लांबच्या प्रकल्पांवर दोन आठवडे जहाजावर आणि दोन आठवडे घरी, अशी पाळी बऱ्याच ठिकाणी असते. गावच्या विहिरीत पोहायला शिकला असाल तर पाण्याची भीती गेली, एवढा फायदा. सागरी बचावात सूट घालून तरंगत राहणं, एकमेकांना धरून थांबणं आणि तराफ्यात चढणं शिकवतात. त्याचा सराव मलप्रभेत करायला जाऊ नका. फिट येणं, हृदयाचा त्रास, चक्कर असं काही असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, लपवू नका. ऐंशी-शंभर मीटरवरून माणूस खाली उतरवताना बाकीच्यांचाही जीव पणाला लागतो.

भाषेचं म्हणाल तर आपली पोरं इथे पुढे आहेत. सबस्टेशनवर आणि गावात कन्नड, टीममध्ये हिंदी, घरी मराठी हे आपल्याला जन्मजात. कच्चं असतं ते इंग्रजी. रोज मॅन्युअलचं एक पान वाचा आणि काम झाल्यावर पाच ओळींचा रिपोर्ट इंग्रजीत स्वतः लिहा, दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका.

परदेशातल्या नोकरीसाठी कोणी लाख-दीड लाख मागितले तर आधी ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटचं लायसन शोधा. नाही सापडलं तर तिथूनच परत फिरा. पासपोर्ट मात्र आजच काढायला घ्या, दहावीची मार्कशीट जोडून, म्हणजे ईसीएनआर, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणीतून सूट, मिळेल.

पावसाळ्यातला जोराचा वारा सुरू व्हायच्या आत, उन्हाळ्यात, देखभालीची मोठी कामं उरकायची असतात आणि तेव्हा नव्या हातांची गरज पडते. अर्ज जानेवारीत टाका. सोबत ट्रेडचा दाखला, अप्रेंटिसशिपचा कागद आणि उंचीवर काम करण्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. साइटवर भेटायला जाल तेव्हा चप्पल नको, बूट घालून जा.